टेबलाच्या टोकाला कोण

मनुष्य हा मुळातच बंधुभावानं बांधलेला आहे, आणि भगिनीभावानंही. निदान उज्ज्वल गजभियेच्या जर्मनीतल्या ऑफिसच्या दारावर तशी पाटी होती. तिच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: मंगळवार आणि गुरुवार, दहा ते बारा.

तो बुधवार होता. तरीही दार वाजलं.

"हेर गजभिये, शनिवारच्या जेवणाला आम्ही मोंटारियाच्या खाली बसणार नाही," आत येता येताच डॉक्टर हेलविग म्हणाले. "मेलो तरी नाही."

डॉक्टर हेलविग एक्क्याऐंशी वर्षांचे होते, त्यामुळे या वाक्यातला दुसरा भाग उज्ज्वलला काळजीचा वाटला. त्यानं खुर्ची पुढे केली. हेलविग बसले नाहीत. ते दातांचे निवृत्त डॉक्टर होते आणि त्यांच्या डाव्या गालावर बोटभर लांबीचा जुना व्रण होता. हा व्रण त्यांना साठ वर्षांपूर्वी याच विद्यापीठात शिकताना मिळाला होता, तलवारीनं, एका मित्राकडून, नियमानुसार. त्या मित्राला ते अजून नाताळाचं कार्ड पाठवत.

"पण मोंटारियाची स्थापना १८४५ ची आहे," उज्ज्वल म्हणाला. "तुमची वाल्डोनिया १८४७ ची."

"मध्ये मोंटारिया तेरा वर्षं बंद होती! तेरा वजा करा!"

उज्ज्वलनं वजा केले. मग मोंटारियाचे लोक मंगळवारी काय म्हणाले होते ते आठवून पुन्हा मिळवले. शेवटी त्यानं कागद उलटा ठेवला.

जर्मनीत विद्यार्थ्यांच्या अशा जुन्या संघटना असतात. प्रत्येकीचं स्वतःचं घर, स्वतःच्या रंगाची टोपी, छातीवर तिरकी फीत आणि स्वतःचं गाणं. काहींत सभासदांना आपसात तलवारीचे सामनेही खेळावे लागत. एकदा सभासद झालेला माणूस मरेपर्यंत सभासद. कोलोनहून तासाभरावरच्या या गावात अशा अकरा संघटना होत्या आणि त्यांतल्या एकीनंही कधी कुणाला 'आमच्यात समन्वय घाला' असं म्हटलं नव्हतं. पण विद्यापीठाच्या प्रशासनप्रमुख फ्राऊ लोझे अमेरिकेला जाऊन आल्या. तिथं त्यांनी या कामाचं एक आख्खं ऑफिस पाहिलं आणि परत येऊन तसंच इथं उघडलं. तिथं कुणाला बसवायचं हे ज्या बैठकीत ठरलं, त्या बैठकीला उज्ज्वल रजेवर होता.

तोवर तो वर्गखोल्या वाटून देण्याचं काम करायचा. ते काम आता कॉम्प्युटर करत होता. त्यामुळे परतीचा रस्ता नव्हता आणि नवी नोकरी सप्टेंबरअखेरपर्यंतच होती.

"शनिवारी विद्यापीठाच्या वर्धापनदिनाचं जेवण," फ्राऊ लोझेंनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं. "अकराही संघटना एका टेबलावर, एका फोटोत. तो फोटो आला की तुमची नोकरी कायम. थोडक्यात, सोपं आहे."

सोपं होतंच. फक्त तलवार चालवणाऱ्या संघटना न चालवणाऱ्यांशेजारी बसत नव्हत्या. न चालवणाऱ्यांमध्ये ज्या कॅथलिक होत्या त्या उरलेल्यांशेजारी बसत नव्हत्या. एक संघटना मुलं-मुली दोघांनाही घेई, तिला उरलेल्या दहा जणी संघटनाच मानत नव्हत्या. उज्ज्वलनं गोल टेबल सुचवून पाहिलं. तेव्हा प्रश्न आला, दाराकडे पाठ कुणाची?

*

"म्हंजे हे एकमेकांच्या घरी जेवत नाईत?" यादवरावांनी विचारलं.

यादवराव म्हणजे उज्ज्वलचे वडील. चौऱ्याहत्तर वर्षांचे, नागपूरच्या टपाल खात्यात पत्रं निवडण्यात आयुष्य गेलेलं. तीन महिन्यांसाठी लेकाकडे आले होते आणि जर्मनीवर एकंदरीत खूश होते, कारण इथं कचऱ्याचे चार रंगांचे चार डबे होते आणि कुठल्या डब्यात काय टाकायचं याला नियम होता. शेजारीण चुकली की ते तिचं पाकीट काढून योग्य डब्यात टाकत. शेजारीण हल्ली त्यांना भिऊन होती.

"काही जेवतात, काही नाही," उज्ज्वल म्हणाला.

"पानी चालते का एकमेकाचं?"

"पाणी इथं कुणी पीत नाही, बाबा. बिअर."

"बरं, बिअर चालते?"

"उभ्यानं चालते. टेबलावर बसून नाही."

यादवरावांनी ताटातल्या पोळीचा तुकडा मोडला.

"इतक्या दूर आलो बाप्पा," ते म्हणाले. "विमानात नऊ घंटे पाय आखडून."

उज्ज्वलची बायको हर्षा ओट्याशी उभी राहून हसली. "मामाजी, तुम्ही तरी शनिवारी जा यांच्यासोबत. मला ड्यूटी आहे, तुमच्या नातीची, अन्वीची मॅच आहे. एकटे घरी राहिलात की परत डबे उघडत बसाल."

"अन् पोरींचं काय? पोरी आहेत ना त्यात?"

"दोन संघटना आहेत पोरींच्या," उज्ज्वल म्हणाला. "त्या कुठंही बसायला तयार आहेत. त्यांच्याशेजारी बसायला कुणी तयार नाही."

"मंग तू कोनाच्यातला?"

"मी कुणाच्यातलाच नाही. मी समन्वयक आहे."

यादवरावांनी मान डोलावली. पण त्यांनी लेकाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं उज्ज्वलला वाटलं.

कुणाच्यातलाच नसणं ही गोष्ट उज्ज्वलनं एकोणीस वर्षं मेहनतीनं जमवली होती. कोलोनच्या मराठी मेळाव्यात लोक विचारत, "गजभिये म्हणजे कुठले?" तो म्हणे, "नागपूरचे." "नाही, म्हणजे मूळचे?" "मूळचेही नागपूरचेच." मग बोलणं पार्किंगवर जाई. ऑफिसातल्या जर्मनांनी त्याला परस्पर हिंदू ठरवून टाकलं होतं आणि दर दिवाळीला एक बाई त्याच्या टेबलावर मेणबत्ती लावून जाई. तो तिला धन्यवाद म्हणे. आग लागू नये म्हणून ती गेल्यावर विझवी. कुणाला काही समजावून सांगायचं म्हणजे आधी सगळंच सांगावं लागलं असतं, आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची होती.

*

शनिवारी दुपारी तीन वाजता विद्यापीठाच्या सभागृहात साठ खुर्च्यांचं एक लांबलचक टेबल मांडलेलं होतं आणि त्यावर एकही माणूस बसलेला नव्हता. बटाट्याच्या सॅलडवर पापुद्रा धरू लागला होता. लाल टोप्या एका भिंतीला, हिरव्या दुसऱ्या भिंतीला, जांभळ्या खिडकीशी. लुनारिया नावाच्या मुलींच्या संघटनेची प्रमुख फ्रेडेरिके हातात स्वतःची खुर्ची घेऊन मधोमध उभी होती.

"हेर गजभिये, ही कुठं ठेवू?" तिनं विचारलं. "तिसऱ्यांदा विचारतेय."

"पाच मिनिटं," उज्ज्वल म्हणाला. हेही तिसऱ्यांदाच.

फोटोग्राफर घड्याळ पाहत होता. फ्राऊ लोझे उज्ज्वलकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सप्टेंबर स्पष्ट दिसत होता. टेबलाच्या टोकाला हेलविग आणि मोंटारियाचे म्हातारे प्रमुख एकाच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. दोघंही हात काढत नव्हते.

उज्ज्वलनं वडिलांना दाराशी बसवून ठेवलं होतं. पण यादवरावांनी सभागृहभर नजर फिरवली आणि त्यांना निळ्या टोप्या दिसल्या. वाल्डोनियाचा रंग निळा होता. सबंध गर्दीत तेवढाच रंग त्यांच्या ओळखीचा होता. ते उठले, सीताबर्डीला शिवलेला कोट खाली ओढला, सरळ चालत हेलविगांपुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, "जय भीम."

हेलविगांनी साठ वर्षांत कुणाचंही अभिवादन परत केल्यावाचून सोडलं नव्हतं. त्यांनी टाचा जुळवल्या, टोपीला हात लावला. मग धावत आलेल्या उज्ज्वलकडे वळून विचारलं, "कुठली संघटना?"

"हेर डॉक्टर, हे माझे वडील आहेत, ते फक्त..."

"काय म्हनते?" यादवरावांनी विचारलं.

"तुम्ही कुठले म्हणून विचारताहेत."

"मंग सांग ना."

उज्ज्वल हातातली यादी चाळू लागला. हेलविगच मदतीला आले. "स्थापना कधीची?"

हे भाषांतराला सोपं होतं. यादवराव म्हणाले, "चवदा ऑक्टोबर छप्पन."

"अठराशे?"

"एकोणीसशे," उज्ज्वल म्हणाला.

हेलविगांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. "तरुण संघटना आहे," ते मायेनं म्हणाले. "आम्ही पहिल्या दिवशी सात जण होतो. सातही नावं आमच्या दिवाणखान्यात कोरलेली आहेत. यांचे पहिल्या दिवशी किती?"

"पाच लाख," यादवराव म्हणाले.

'बरेच' असं म्हणता आलं असतं. 'पुष्कळ' म्हणता आलं असतं, आणि मग बोलणं पार्किंगवर नेता आलं असतं. फ्राऊ लोझे जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यानं आकडा जसाच्या तसा जर्मनमध्ये सांगितला.

"पाचशे?"

"पाच लाख."

"आकडा नीट विचारून घ्या," हेलविग म्हणाले.

उज्ज्वलनं विचारला. यादवराव थोडे ओशाळले. "लाखभर इकडंतिकडं झाले असन तर सांगता येत नाई. मी पाच वर्षांचा होतो, बापाच्या खांद्यावर. मागचे मले दिसत नव्हते."

"एका दिवसात?"

"सकाळी."

मोंटारियाच्या प्रमुखांनी खुर्चीवरचा हात काढला आणि कानाला लावला.

"इतक्या जणांना आत घेताना अट काय होती?" हेलविगांनी विचारलं. वाल्डोनियात आत यायला दीड वर्ष उमेदवारी करावी लागे.

यादवरावांनी विचार केला. असा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता. "अट कायची? ज्यायले जिकडंतिकडं बाहेर बसवत, ते सारे आत."

उज्ज्वल आतापर्यंत 'वडील म्हणतात' असं म्हणून भाषांतर करत होता. या खेपेला ते त्याच्या तोंडून राहून गेलं. "आम्हाला सगळीकडे बाहेर बसवत," तो म्हणाला. "म्हणून जे जे बाहेर होते, ते सगळे आत घेतले."

फ्राऊ लोझे त्याच्याबरोबर सहा वर्षं काम करत होत्या. त्यांनी फोटोग्राफरला हातानं थांबायची खूण केली.

"सभासदत्व आजन्म?"

"पोरानातवाइलेही," यादवराव म्हणाले आणि लेकाच्या दंडाला हात लावला.

"आणि तलवार?"

यादवरावांनी काय सांगितलं ते थोडं लांब होतं. त्यात दोन गावांची नावं आणि एका चुलत्याचं नाव होतं. उज्ज्वलनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "होती. एकाच बाजूनं."

हेलविगांचा हात गालावरच्या व्रणाकडे गेला, आणि तिथं पोचून, काहीतरी चुकल्यासारखा, खाली आला.

मग ते ताठ उभे राहिले. पाहुण्या संघटनेचा ज्येष्ठ हजर असेल, त्यांनी खणखणीत आवाजात सभागृहाला सांगितलं, तर टोकाची जागा त्याची, आणि अशा दिवशी यजमानांनी आपसातली वर्षं मोजायची नाहीत, ही जुनी रीत आहे. मोंटारियाच्या प्रमुखांनी क्षणभर हिशेब केला. जागा पाहुण्याला जाणं म्हणजे वाल्डोनियाला जाणं नव्हे. त्यांनी मान्य केलं.

"हेर डॉक्टर," उज्ज्वल घाईनं म्हणाला, "थोडा गोंधळ होतोय. ही तशी संघटना नाही."

"तशी म्हणजे?" हेलविग खरोखरच चक्रावले. "स्थापनादिन आहे. रंग आहे. अभिवादन आहे. आजन्म आहे. तशी नसायला उरलं काय?"

यादवरावांना तोवर टोकाच्या खुर्चीत बसवण्यात आलं होतं, आणि बसल्या बसल्या त्यांना समोर खुर्ची हातात धरून उभी असलेली मुलगी दिसली. "ये वो बाई," ते म्हणाले, "कायले उभी आहेस? बस इथं." फ्रेडेरिकेला शब्द कळला नाही, हात कळला. तिनं खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला ठेवली आणि बसली. ती बसली आहे हे कुणाच्या नीट लक्षात येईपर्यंत हिरव्या टोप्या बसल्या, मग लाल, मग भुकेपोटी सगळेच. फोटोग्राफर खुर्चीवर चढला. फोटो निघाला. फ्राऊ लोझेंनी लांबूनच उज्ज्वलकडे पाहून एकदा होकारार्थी मान हलवली, आणि त्याची नोकरी कायम झाली.

पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. पाहुण्याच्या मानाखातर वाल्डोनियाचे दोन विद्यार्थी गुडघ्यापर्यंतचे बूट घालून यादवरावांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी नंग्या तलवारी पाठीशी फुलीसारख्या धरल्या होत्या. हेलविग आठ मिनिटं बोलले. बाहेर ठेवणं आणि आत घेणं यावर ते काहीतरी सांगू पाहत होते. ते त्यांना नीट जमत नव्हतं, दोनदा थांबले, आणि त्यांचं इतकं वाईट भाषण वाल्डोनियानं कधी ऐकलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत." साठ टोप्या एकदम उतरल्या. मोंटारियाचे प्रमुखही उभे राहिले.

उज्ज्वल वडिलांच्या बाजूला उभा होता. एकोणीस वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं आज सांगायची त्याची तयारी होती, एकेक शब्द, कितीही लांब असो. यादवरावांनी सभागृहाकडे पाहिलं, लेकाची बाही धरली, त्याला खाली ओढलं आणि कानाशी हळूच काहीतरी बोलले.

उज्ज्वल सरळ झाला.

"काय म्हणाले?" हेलविगांनी विचारलं. सभागृहात काटाचमचासुद्धा वाजत नव्हता.

"माझे वडील विनंती करताहेत," उज्ज्वल म्हणाला, "मागच्या दोघांनी तलवारी जराशा बाजूला घ्याव्यात. त्यांना लघवीला जायचंय."