माहेरचं बी

माझ्या सोयाबीनच्या बियाण्याला परीक्षा लागत नाही, असं मी गावात छाती ठोकून सांगायचे. भद्रावतीच्या बाजाराला जाताना बायका बसमध्ये मला जागा करून द्यायच्या, ते काही माझ्या तोंडाकडे पाहून नव्हे. भागीरथाबाईचं बी डोळे मिटून पेरावं, अशी ख्याती होती. ती ख्याती डोक्यात गेली, हे आता कबूल करते.

गेल्या वर्षी ऐन कापणीच्या तोंडावर पाऊस नऊ दिवस बसला. पिकल्या शेंगांवर काळे ठिपके उठले, आतले दाणे बारीक पडले, कितीतरी दाण्यांवर जांभळे डाग आले. बुरशीच ती. एकरी आठ क्विंटल देणारं वावर साडेतीनवर आलं. शहाण्या बाईनं तो माल विकून मोकळं व्हावं. पण मला त्यातूनच बी काढायचं होतं, कारण रंजीताचं, माझ्या लेकीचं लग्न ठरलेलं होतं. आमच्या घरची रीत अशी की लेकीच्या सासरची पहिली पेरणी माहेरच्या बियाण्याची.

वीस दिवस मी सूप घेऊन बसले. डागी दाणा फेकला, पिवळाधमक तेवढा ठेवला. सगळं एका ढिगात माझ्याच हातानं कालवलं आणि तीन पोती भरली. तीन एकराचं बी.

रंजीता राजुऱ्याकडे दिलेली आहे. तिच्या सासूला, म्हणजे माझ्या इहीनबाईंना, दुकानाचं बी हवं होतं. रंजीता अडून बसली. “माझ्या आईच्या बियात खोट नाई निंघत,” असं भर घरात बोलली म्हणे. ऐकून मला केवढं बरं वाटलं होतं! आठ दिवसांपूर्वी जावई प्रणित येऊन पोती घेऊन गेले.

त्यानंतर दिव्यानी आली. ही आमच्या गावाला आलेली नवी कृषी सहायक, वयानं माझ्या रंजीताएवढी.

“काकू, बियाची उगवण पाह्यली का?”

“मले डोळे हायेत,” मी म्हटलं.

“बुरशी दाण्याच्या आत राह्यते काकू. वरून दाणा पिवळाच दिसते.”

तिचं तोंड बंद करायला म्हणून मी त्याच ढिगातले उरलेले शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. ही मोजणी मला येत नव्हती असं नाही. मीच रंजीताला लहानपणी शिकवली होती. फक्त स्वतःच्या बियाण्यावर कधी केली नव्हती.

आज सकाळी गोणपाट उलगडलं. कुबट वास आला. अडतीस दाण्यांना मोड होते. बाकीचे फुगून मऊ पडलेले, त्यांच्यावर करडी बुरशी. शितावरून भाताची परीक्षा झाली होती. मी पुन्हा मोजले. अडतीसच.

“झाकून ठेव,” आमचे हे म्हणाले. “कोणी पाह्यन.”

मी रंजीताला फोन लावला. तिला हळूच सांगायचं, तिनं काहीतरी निमित्त काढून पेरणी थांबवायची, असा माझा बेत होता. फोन इहीनबाईंनी उचलला.

“रंजीता वावरात गेली डबा घेऊन. फोन घरीच हाय. ट्रॅक्टर आला ना, दुपारी पेरून राह्यलो.”

मी घाईनं म्हटलं, “इहीनबाई, आज थांबा. मले बियाचा भरोसा नाई वाटत.”

“काऊन?” त्या हसल्या. “मलेही नोता. पण तुमच्या पोरीनं परवाच मोजून दाखवलं. शंभरात नव्वद निंघाले म्हणे.”

मी खाटेवर बसले. नव्वद? एका ढिगातलं बी इथं अडतीस आणि तिथं नव्वद उगवत नाही. पोरीनं मोजलं होतं, पाहिलं होतं, आणि माझं नाक राहावं म्हणून खोटं बोलली होती. आता मी खरं सांगावं तर दोन महिन्यांची सून घरात खोटारडी ठरते. गप्प बसावं तर तीन एकर जमिनीत मेलेलं बी जातं, आणि मग तरी काय लपतं? इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्ही मीच खणलेल्या.

“हॅलो? इहीनबाई?” पलीकडून त्या विचारत होत्या.

“तिनं वरचं मोजलं असन,” मी म्हणाले. “पोत्याच्या तोंडाशी मी चांगलं बी भरलं होतं. खालचं खराब हाय. मले माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“हो.”

“अन् तरी पाठवलं? पोटच्या पोरीच्या घरी?”

“हो.”

मग त्या अंगणात कोणावर तरी ओरडलेल्या ऐकू आल्या, “पयत जा वावरात! प्रणितले सांग, ते बी नोको टाकू म्हणा!” माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच रडूही आलं. फोन केव्हाच बंद झाला होता.

दिवस कलताना रंजीताचा फोन आला. अगदी दबक्या आवाजात.

“आई, तू काऊन असं बोलली? मी खरं सांगून टाकू का त्यायले?”

“खबरदार. सासू कुठी हाय?”

“अंगणात. आखाडीले माहेरी नाई पाठवत म्हणते. चोराच्या घरी जायचं नाई म्हणते.”

लग्नानंतरची पहिली आखाडी, आषाढात लेकीनं माहेरी यायचा सण. तिच्यासाठी मी लुगडं आणून ठेवलं होतं.

“बरं,” मी म्हणाले. “रंजीता, खरे किती निंघाले होते?”

“एकेचाळीस.”

माझे अडतीस. पोरीनं मोजणीत चूक केली नव्हती.

“ठेव आता,” मी म्हणाले. “सासू ऐकन.”