चार आवाजांचं पुस्तक

सुलक्षणाने कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून हलकेच पानावर फिरवला, आणि हळदीचा पिवळा ठिपका तिच्या डोळ्यांदेखत लाल झाला. साबण लागला की हळद लाल होते हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण घाबरलेल्या माणसाचे हात डोक्याच्या आधी चालतात. शेजारचं कुंकू निघायचं सोडून पसरलं, आणि जुना जाड कागद ते पाणी पिऊन फुगला.

पुस्तक शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लंडनला छापलेलं. चार आवाजांत म्हणायची इंग्रजी गाणी, चारही आवाजांच्या ओळी एकाखाली एक. विषय वसंत ऋतू, मेंढपाळ, दारू आणि सोडून गेलेल्या प्रेयसी. देवाचं नाव औषधालाही नाही. ते होतं नूला कन्सिडीनच्या वडिलांचं. नूला ही आयर्लंडमधल्या एनिसची निवृत्त शिक्षिका आणि गावातल्या हौशी गायनमंडळाची सर्वेसर्वा. कोविड आल्यापासून मंडळ लॅपटॉपवर भरत होतं. आवाज मागेपुढे पोचतात म्हणून प्रत्येकाने माइक बंद करून आपापल्या घरात एकट्याने गायचं आणि ऐकू यायचा तो फक्त नूलाचा पियानो. इतरांकडे आपापल्या ओळीच्या झेरॉक्स होत्या. सुलक्षणाला मात्र नूलाने मूळ पुस्तकच दारात आणून दिलं. बाकीचे ऐकू येत नाहीत, तर निदान कागदावर तरी दिसू देत, असं ती म्हणाली होती.

आदल्या दिवशी दसरा झाला. सुलक्षणाने पाटीवर सरस्वती काढली, पाटावर नवऱ्याचा लॅपटॉप ठेवला आणि त्याच्याशेजारी हे पुस्तक. घरात सध्या शिकणं म्हणून जे काही चाललं होतं, ते त्यातूनच चाललं होतं. बाहेरचा पुठ्ठा काळपट कापडाचा, त्यावर कुंकू उठून दिसेना, म्हणून तिने पुस्तक उघडलं आणि ओल्या बोटाने पहिल्याच पानावर हळदकुंकू लावलं. वर शेवंतीचं फूल वाहिलं. लहानपणापासून पुस्तकांचा असाच मान ठेवत आली होती ती. परक्याच्या पुस्तकाचा असा मान ठेवायचा नसतो, हे तिला सकाळी ते पान उजेडात धरल्यावर कळलं.

शैलेंद्र आधी हसला. अगं, तू चक्क दारूच्या गाण्यांची पूजा केलीस, म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं.

"मी देऊन येतो," तो म्हणाला. "तू गेलीस तर दारातच रडशील."

त्या क्षणी तो तिला फार चांगला वाटला. पुण्याहून आल्यापासून या देशात ती शैलेंद्रची बायको होती, व्हिसावरही आणि लोकांच्या तोंडीही. फक्त मंगळवारचा तो एक तास ती सुलक्षणा असे, वरून दुसऱ्या आवाजात गाणारी. नूला तिचं नाव चुकीचं उच्चारायची, पण पूर्ण उच्चारायची. तेवढी एक जागा या गावात तिने स्वतःच्या जिवावर मिळवली होती, आणि ती आता आपल्याच बोटाने पुसली गेली की काय, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागला.

शैलेंद्र परत आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"काय म्हणाली?"

"ग्रँड म्हणाली, म्हणजे काही हरकत नाही. इथले लोक काय, घर जळलं तरी ग्रँडच म्हणतील. पण चेहरा पडला होता तिचा. थोडे दिवस तू जरा लांबच राहा."

पुढच्या मंगळवारी मंडळाची लिंक आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. माफीचा मेसेज तिने कितीदा तरी लिहिला आणि खोडला. शैलेंद्र म्हणे, आता ते उकरू नकोस, तिला वडिलांची आठवण येऊन आणखी त्रास होईल. नाताळात मंडळाने प्रत्येकाचं गाणं वेगवेगळं रेकॉर्ड करून एकत्र जुळवलं आणि फेसबुकवर टाकलं. छोट्या छोट्या चौकटींतून सगळे गात होते. सुलक्षणाने स्वतःला त्यात शोधलं, हा वेडेपणाच. तिच्या ओळीवर एक नवी, सोनेरी केसांची बाई होती आणि चांगली गात होती. त्या हिवाळ्यात दुःखापेक्षा जास्त झाली ती लाज. भाजी आणायलाही ती नूलाच्या गल्लीतून जात नसे.

जूनमध्ये बेकरीबाहेरच्या रांगेत मागून कुणीतरी तिला हाक मारली. नाव चुकीचं, पण पूर्ण. मास्क लावलेली नूला होती. सुलक्षणाने डागाबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि हिवाळाभर मनात घोकलेली माफी एका दमात म्हणून टाकली. नूलाला काही कळेना. कसला डाग? त्या पुस्तकावर बाबांच्या चहाचे एवढे डाग आहेत, तुझा कुठला ते मी कशी ओळखणार? एक पिवळी पाकळी मात्र सापडली होती, ती तिने तशीच राहू दिली होती.

"मग मला का काढलं?" सुलक्षणाने विचारलं.

काढलं? मी कुठे काढलं, नूला म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याने सांगितलं, तुझा जीव त्यात नाही. वेळ जात नाही म्हणून येत होतीस, आणि नाही म्हणायला तुला अवघड वाटतंय. मला तुला बळेच ओढून आणायचं नव्हतं."

रांग पुढे सरकली. सुलक्षणा सरकली नाही. मागच्या माणसाने नम्रपणे खाकरून दाखवलं.

नूला तिला घरी घेऊन गेली. आता मंडळ तिच्या बागेत अंतर ठेवून उभं राहत होतं, मोजकीच माणसं, आणि सुलक्षणाच्या ओळीवरच्या जागा भरल्या होत्या. सप्टेंबरमध्ये बघू, नूला म्हणाली. इथल्या बोलण्यात बघू म्हणजे काय, ते सुलक्षणाला एव्हाना पुरतं कळत होतं. नूलालाही आपलं बोलणं अपुरं वाटलं असावं. ती आत गेली आणि ते पुस्तक घेऊन आली. मंडळाने नव्या प्रती घेतल्या होत्या. हे तू ठेव, म्हणाली. सुलक्षणा आभार मानून निघाली. वाटेत तिला रडू आलं नाही. राग आला, आणि हिवाळाभर तो आपण स्वतःवरच काढला याचा आणखी राग आला.

घरी शैलेंद्र डायनिंग टेबलावर मीटिंगमध्ये होता. तिने पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं.

"नूला भेटली होती," ती म्हणाली.

त्याने माइक बंद केला आणि हेडफोन गळ्यात उतरवला. पुस्तकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काय झालंय ते त्याला सांगावं लागलं नाही.

"अगं, तुलाच तोंड दाखवायची लाज वाटत होती ना? मी तुझी सुटका केली."

तेवढ्यावर तो थांबला नाही.

"आणि खरं सांगू का सुलू, सदानकदा ती एकच ओळ. ना चाल, ना काही. मीटिंगमध्ये ऑफिसातली माणसं विचारायची, घरात कोणी आजारी आहे का. इथे जॉब टिकवायचाय मला."

तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. तिची ओळ एकटीच म्हटली तर कण्हल्यासारखीच वाटे. वरची एक आणि खालच्या दोन आल्या की त्याच सुरांचं गाणं व्हायचं. हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. मंडळ सभागृहात भरायचं तेव्हा तो बाहेर गाडीत बसून तिची वाट बघायचा.

"पण पुस्तक दिलं ना तिने शेवटी?" त्याने ते जवळ ओढून उलटसुलट पाहिलं. स्वर आता समजुतीचा होता. "बघ, कायमचं तुझंच झालं. माझी मीटिंग नसेल तेव्हा निवांत म्हण की घरी."

"चौघांचं आहे ते," सुलक्षणा म्हणाली.

त्याने मान डोलावली, हेडफोन कानांवर चढवला आणि माइक सुरू केला.

"सॉरी," तो पलीकडच्या लोकांना म्हणाला. "बोला तुम्ही. मी ऐकतोय."