बिननंबरी जीपची कैफियत

मी एक जीप आहे. नेमकी कोणती, ते मात्र विचारू नका, कारण सध्या सरकारी कचेरीत तोच प्रश्न अडकून पडला आहे. मला चाकं आहेत, इंजिन आहे, आवाज तर आहेच आहे. पण मी म्हणजे मीच, याला कागदावर पुरावा नाही. या वयात हे ऐकून घ्यावं लागतंय, म्हणून ही कैफियत.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या पुढे एक, मागे एक, अशा हुबेहूब बहिणी रांगेत उभ्या. ओळखायचं कसं? म्हणून एका कामगाराने माझ्या चासीवर, म्हणजे सगळा डोलारा ज्याच्यावर उभा असतो त्या लोखंडी सांगाड्यावर, हातोडीने अकरा आकडे ठोकले. पुढेमागे लावतात ती नंबरची पाटी वेगळी. ती कपड्यासारखी, बदलता येते. चासीवरचा नंबर हाडावर कोरलेला. "हा काही जात नाही जन्मभर," असं तो कामगार शेजारच्याला म्हणाला होता. बिचाऱ्याने आमच्या चिरंजीवांना पाहिलेलं नव्हतं.

मी पाणीपुरवठा खात्यात नोकरीला लागले आणि त्याच आठवड्यात, आता मी ज्यांच्या घरी आहे ते बाबा ड्रायव्हर म्हणून लागले. गावाबाहेर टेकडीवर पाण्याची मोठी टाकी होती. रोज सकाळी वर जायचं, वॉल्व्ह सोडायचा, पातळी बघायची आणि खाली यायचं. वर जायला रस्ता असा नव्हताच, टेकडीने दिलेली थोडीशी सवलत होती. शेजारच्या सीटवर इंजिनिअर बसायचे. चढ लागला की दोन्ही हातांनी दांडी धरायचे आणि खाली उतरल्यावर म्हणायचे, "तसा काही कठीण नाही रस्ता." एकतीस वर्षांत बरेच इंजिनिअर बदलले, हे वाक्य बदललं नाही.

बाबा निवृत्त झाले, त्याच वर्षी खात्याने मलाही मोडीत काढलं. त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, मला लिलावाची तारीख. बाबा लिलावाला आले आणि मला घरी घेऊन गेले. घरातल्या बाई तेव्हा होत्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हातारपणी सवत आणलीत का?" पण पहिल्या रविवारी टाकीवर जायला त्याच आधी तयार होऊन बसल्या होत्या. पुढे त्या गेल्या, तरी बाबांनी रविवार मोडला नाही. वर जायचे, इंजिन बंद करायचे, थर्मासमधला चहा प्यायचे. कधी मोठ्याने बोलायचेही. माझ्याशी की बाईंशी, ते मी कधी विचारलं नाही.

मग मला खोकला लागला. सायलेन्सर ज्या पट्टीवर टांगलेला असतो तिचा एक बोल्ट सैल झाला होता. तेवढंच. वाटेतल्या गॅरेजचा मिस्त्री खाली वाकूनही न बघता, नुसत्या आवाजावरून म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे, उद्या आणा."

ते 'उद्या' घरात ऐकलं गेलं आणि तिथेच माशी शिंकली.

चिरंजीव म्हणजे बाबांचा एकुलता एक मुलगा. नोकरी घरी बसून, कॉम्प्युटरवर. दिवसभर पडद्यावर असं काही करायचा की संध्याकाळी हातात काही उरायचं नाही, त्यामुळे हातांना कामाची भूक फार. तो म्हणाला, "मिस्त्री कशाला बाबा? घरची गाडी, घरीच करू. सगळं व्हिडिओवर असतं हल्ली."

बाबा म्हणाले, "एक बोल्ट आवळायचाय रे."

"करायचंच तर नीट करू ना. तुम्हाला एकदम नवी करून देतो."

बाबांचा चेहरा खुलला. गाडीला न आवडणारी गोष्ट मी तेव्हा पाहिली: मुलगा आपल्या वस्तूत लक्ष घालतोय, या आनंदात माणूस वस्तूचं काय होणार ते विसरतो. त्या दिवशी बाबांच्या लायसनला तीन वर्षं बाकी होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "यापुढे लायसनच्या कागदावर मी सही करणार नाही." म्हणजे टेकडीवर गाडी न्यायला बाबांजवळ तेवढेच रविवार होते. पण तीन वर्षांपुढे एका बोल्टची काय मातब्बरी?

पहिल्या दिवशी बोल्टपर्यंत हात पोचेना म्हणून सायलेन्सर काढला. सायलेन्सर काढल्यावर वरचं पत्र्याचं आवरण खराब दिसलं, म्हणून ते काढलं. मग सीट, मग खालचा तळ, मग गिअरबॉक्स. महिन्याभरात मी अंगणात पसरले. जे निघेल ते चिरंजीव बरणीत टाकायचा आणि बरणीवर चिठ्ठी लावायचा. एका बरणीवर लिहिलं होतं, 'बहुतेक मागचं'.

बाबा दर रविवारी टोपी घालून बाहेर यायचे. "झालं का रे?"

"होतच आलंय बाबा."

होत काहीच नव्हतं, पण येत पुष्कळ होतं. रोज खोकी यायची. आधी आठ दिवे आले. चार टपावर, चार पुढे. ते लावून बघितले तेव्हा समोरच्या घरातले आजोबा सकाळ झाली म्हणून दात घासायला उठले. मग उंची वाढवणारे पाटे आले, मोठे टायर आले. मी पाच बोटं वर उचलले गेले आणि बाबांना आत चढायला स्टुलाची गरज लागली. मग श्वास घ्यायला एक उंच नाकाड आलं. गाडी नदीत बुडाली तरी इंजिनाला हवा मिळावी, ही त्यामागची दूरदृष्टी. आमच्या अंगणात पाणी येतं ते नळाला, आणि तेही सकाळी एक तास.

शेवटी विंच आली. चिखलात रुतल्यावर स्वतःला ओढून काढायचं हे यंत्र. चिखल नव्हता, म्हणून चिरंजीवाने दोर कंपाउंडच्या फाटकाला बांधून चाचणी घेतली. विंच उत्तम निघाली. फाटकही निघालं.

सूनबाई तेव्हाच दवाखान्यातून घरी आल्या होत्या. त्या दातांच्या डॉक्टर. आडव्या फाटकावरून चालत आत आल्या आणि म्हणाल्या, "भूल न देता उपटलंस."

मी तक्रार करत नाही. चिरंजीवाने माझ्यावर जीव लावला हे खरं आहे. त्याचे हात काळे झाले, एक नख गेलं, पाठ धरली. मला ग्रीस लावताना तो गुणगुणायचा. फक्त माझं वय, माझं काम आणि मला कुणाची वाट बघायची आहे, एवढ्या तीन गोष्टी सोडून त्याने माझा सगळा विचार केला होता. शेजारीपाजारी यायचे, कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि सल्ले द्यायचे. त्यातल्या एकालाही गाडी चालवता येत नव्हती. उंटावरच्या शहाण्यांची तशी अटच असते.

अडीच वर्षांनी गंजाची पाळी आली. चिरंजीव माझ्याखाली पाठीवर झोपला, कानांवर आवाजरोधक झापडं, डोळ्यांवर चष्मा, हातात ग्राइंडर. जिथे खरबरीत दिसेल तिथे घासून गुळगुळीत करायचं, खड्डा असेल तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वर काळा रंग. पुढच्या उजव्या चाकापाशी त्याला ओळीने अकरा खड्डे दिसले. इतका शिस्तीत पडलेला गंज बघून कुणालाही शंका आली असती. त्याला आली नाही. तो म्हणाला, "इथं फारच खाल्लंय," आणि ग्राइंडर लावला.

मी ओरडले. पण गाडीच्या ओरडण्याला माणसं इंजिनाचा दोष म्हणतात, आणि इंजिन तर तेव्हा टेबलावर होतं.

शेवटी घोडं गंगेत न्हालं. मी उभी राहिले, पहिल्याच चावीला सुरू झाले. बाबा माझ्याभोवती एक फेरी मारून आले. मग बॉनेटवर हात ठेवला. लायसनला तीन आठवडे उरले होते. इतक्या जुन्या गाडीला रस्त्यावर आणायचं तर आधी सरकारी तपासणी लागते, तिचीही तारीख मिळाली.

त्या सकाळी बाबांनी थर्मास भरून घेतला. "जाताना तू ने. पास झाली की तिथूनच मी घेतो. तसेच वर टाकीवर जाऊ."

"नक्की बाबा."

तेव्हा उघडकीला आलं की चिरंजीवाला माझा प्रत्येक नट ठाऊक होता, पण मला चालवणं ठाऊक नव्हतं. गल्लीच्या टोकापर्यंत मी तीनदा बंद पडले. बाबा थर्मास मांडीवर धरून समोर बघत राहिले. "क्लच सावकाश सोड," एवढंच एकदा म्हणाले.

तपासणीचे साहेब शांत गृहस्थ होते. ब्रेक बघितले, चांगले. धूर बघितला, चांगला. दिवे मोजले.

"आठ कशाला?"

"वरच्या रस्त्याला उजेड नाही ना साहेब," चिरंजीव म्हणाला.

"किती वाजता जाता?"

"सकाळी," बाबा म्हणाले.

साहेबांनी खिशातून एक पातळ कागद आणि पेन्सिल काढली. कागद चासीवर ठेवून वरून पेन्सिल घासली की नंबराचा ठसा उमटतो, अशी त्यांची पद्धत. ते वाकले. एकदा घासलं, दोनदा घासलं. मग बॅटरी मागवली. कागदावर एकसारखा राखाडी रंग उतरला होता.

"नंबर कुठाय?"

चिरंजीव खाली वाकला आणि तसाच राहिला. त्याला ते अकरा खड्डे आठवले असणार, कारण त्याचे कान लाल झाले.

"साहेब, तो गंज होता... म्हणजे मला वाटलं..."

"गाडी एक नंबर आहे," साहेब म्हणाले. "फक्त कोणती आहे ते कळत नाही. चोरीची माणसंही इतकं सफाईने घासत नाहीत हो."

"मी एकतीस वर्षं चालवलीय ही," बाबा म्हणाले. "मी सांगतो, हीच ती."

"काका, तुमचं खरं असेल. पण माझ्या फॉर्मात ड्रायव्हरने ओळखली, असा रकाना नाही. नवीन नंबर ठोकून घ्यायला अर्ज करा. वरून मंजुरी येईपर्यंत हिला रस्त्यावर आणता येणार नाही."

"आणि नाहीच आली मंजुरी, तर मोडीत?" चिरंजीवाने विचारलं.

"मोडीत काढायलासुद्धा नंबर लागतो."

म्हणजे मला जगायची परवानगी नव्हती आणि मरायचीही सोय नव्हती. अर्जात एक ओळ होती, 'नंबर नष्ट होण्याचे कारण'. चिरंजीव पेन धरून बसून राहिला. बाबांनी त्याच्या हातून कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मुलगा.' साहेबांनी ते वाचलं आणि शिक्का मारला. त्यांनाही मुलगा असावा.

मी घरी आले ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर, दोरखंडांनी बांधलेली. माझी विंच, नाकाड, आठ दिवे, सगळं जागच्या जागी. बाबा त्या गाडीच्या ड्रायव्हरशेजारी बसले. थर्मास उघडला नाही.

तीन आठवडे चिरंजीव रोज कचेरीत गेला. साहेब रजेवर, मग फाईल वर, मग वरचे साहेब रजेवर. तारीख आली आणि गेली. बाबांनी लायसन पाकिटातून काढून कपाटाच्या खणात ठेवलं, आणि त्या रविवारी टोपी घातली नाही. जेवताना चिरंजीव म्हणाला, "नंबर आला की मी नेईन तुम्हाला वर. तुम्ही फक्त शेजारी बसा."

"शेजारी इंजिनिअर बसायचे," बाबा म्हणाले आणि ताट घेऊन उठले.

सूनबाई नवऱ्याला ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं त्याला. एवढंच म्हणाल्या, "मीही खड्डे बुजवते रे दिवसभर. पण आधी आत काय आहे ते बघते."

तो बाहेर आला, माझं बॉनेट उघडलं आणि दुरुस्त करण्यासारखं काही नसताना कितीतरी वेळ आत बघत उभा राहिला. "चुकलं माझं," असं म्हणाला. इंजिनाला म्हणाला, पण मला ते पोचलं. मी त्याला तिथेच माफ केलं. माफ करणं माझ्या हातात होतं, रविवार परत देणं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्याने अंगणातली सगळी खोकी, बरण्या आणि टेबल उचलून घराच्या मागे नेलं. कपडे वाळत घालायची दोरी सोडली. फाटक आतून बंद केलं. मग बाबांसमोर चावी धरली.

"कंपाउंडच्या आत लायसन लागत नाही, बाबा. साहेबांना विचारून आलोय."

बाबांनी चावीकडे बघितलं, मग अंगणाकडे. चाळीस पावलांचं अंगण. "यात काय चालवायचं?" असं म्हणत ते टोपी आणायला आत गेले.

तेव्हापासून माझी हीच नोकरी. चाळीस पावलं पुढे, चाळीस पावलं मागे. माझा अर्ज कुठल्याशा टेबलावर आहे आणि टेबलामागचे साहेब ही कैफियत वाचत असतील, तर माझं मागणं एवढंच: नवे आकडे ठोकाल तेव्हा ठोका, मी कुठे जात नाही. पण दारात जुनी गाडी असेल आणि घरात तिचा जुना ड्रायव्हर, तर तिला नवी करायच्या आधी त्याला एक फेरी मारू द्या, एवढं फॉर्मात खाली बारीक अक्षरात छापा.

त्या पहिल्या रविवारी बाबांनी मला पहिल्या गिअरमध्ये फाटकापर्यंत नेलं, धक्काही न देता. मग रिव्हर्स टाकला. चिरंजीव मागच्या भिंतीजवळ उभा राहिला आणि हाताने बोलवायला लागला. "येऊ द्या, बाबा. येऊ द्या." बाबा मान वळवून बघत होते, पण त्यांना भिंत दिसत नव्हती, ते मला कळलं आणि त्यालाही कळलं. डॉक्टरांनी सही का केली नाही, ते त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाबांचा चेहरा मात्र टेकडीवरून उतरताना असायचा तसा होता. चिरंजीवाचा हात क्षणभर थांबला, आणि पुन्हा हलायला लागला. मागचा बंपर नवाकोरा होता. तो भिंतीला टेकला, वाकला, त्याचा एक कोपरा आत गेला.

बाबांनी ब्रेक दाबला. "लागलं का रे कुठे?"

"नाही बाबा," चिरंजीव म्हणाला. "पुष्कळ जागा आहे अजून. येऊ द्या."