कीड नव्हे, पायबंद

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये तनयाच्या खोलीला दार होतं, पण दाराला आतून कडी नव्हती. दहावीच्या वर्षी पोरगी अभ्यास करते की झोपा काढते हे कधीही बघता यावं, म्हणून तिच्या वडिलांनी, श्रीधररावांनी, ती काढून टाकली होती. आता पोरगी तिशी ओलांडून गेली, तरी कडीचं नाव नाही! इंग्रजीचे निवृत्त मास्तर ते. स्वतःची चूक तपासायची सवय नव्हती.

बंगळुरूच्या ऑफिसला येणार की नाही, हे तनयाला त्या संध्याकाळपर्यंत कंपनीला कळवायचं होतं. संधी परत यायची नव्हती. ती लिहायला घेई आणि दार ढकलून बाबा हजर.

"गीझर बंद केलास?"

"हो, बाबा."

मग "दूध तापवलंस?" मग "कुणाचा फोन होता?" मग नुसतंच डोकावून, "काही नाही, चालू दे तुझं." अहो, काय डोंबल चालू दे! आई गेल्यापासून हे रोजचंच झालं होतं. बाबांचा जीव आपल्यात अडकलाय हे तिला कळत होतं, म्हणून तर धड ओरडताही येत नव्हतं. जीव नुसता कोंडून जायचा.

पुन्हा दार उघडलं तशी ती भडकलीच. "बाबा, प्लीज, डोन्ट पेस्टर मी! किती भंडावून सोडाल!"

श्रीधररावांचा चेहरा खाड्कन उतरला. "पेस्ट म्हणजे कीड. म्हणजे मी तुला कीड वाटतो. छान!"

ते निघून गेले. बाहेर शब्दकोश टेबलावर आपटल्याचा आवाज आला. तनयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाला एकटं टाकून कुठे जायचं? तिने गुपचूप "जमणार नाही" असं लिहायला घेतलं.

तेवढ्यात दार. बाबांचा चेहरा नुसता फुललेला.

"अगं, कीड नव्हेच! तो अर्थ मागाहून चिकटला. पेस्टर हा मूळ फ्रेंच शब्द. घोडा चरायला सोडताना त्याचे पाय दोरीने बांधायचे. पायबंद! चरेल, पाणी पिईल, पण लांब जाणार नाही. म्हणजे काळजीच की ती!"

"आणि घोड्याला काय वाटत असेल?"

"घोड्याचं काय त्यात?" असं म्हणत ते शेजारच्या हेमाताईंना फोन लावायला गॅलरीत गेले. "अहो, गंमत ऐकलीत का..."

घोड्याचं काय! तनयाला संताप आला, हसू आलं आणि मग डोळेच भरून आले. तिने लिहिलेलं सगळं पुसलं. "येते" एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.

बाबा परत आल्यावर तिने सांगून टाकलं. "मी बंगळुरूला जातेय. कळवलंय."

ते तडक आत गेले. कपाट उघडल्याचा, काहीतरी शोधल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ती जुनी कडी होती, स्क्रूंची पुडीसुद्धा जपून ठेवलेली.

"आज बसवतो," ते म्हणाले. "मग तर राहशील ना?"

तनयाने कडी हातात घेतली. हिच्यासाठी ती किती रडली होती! आत्ता "राहते" म्हणणं किती सोपं होतं.

"बसवा ना, बाबा," तिने कडी त्यांच्या हातात परत ठेवली. "सुट्टीला येईन तेव्हा लागेल मला."