जंगूचं अर्थिंग

जंगू मिस्त्रीकडे लायसन नव्हतं, आणि तीस वर्षं त्याचं काही अडलंही नव्हतं. सिंदी गावात त्याने वायर ओढली नाही असं घर शोधावं लागेल. तार जिवंत आहे का, हे तो टेस्टर न लावता बोटांच्या उलट्या बाजूने पाहायचा. तळव्याने धरलं तर मूठ आवळते आणि माणूस चिकटतो, उलट्या हाताला झटका बसला तर हात आपोआप मागे येतो, एवढं त्याचं शास्त्र.

पण सरकारी कागदाचं असल्या शास्त्राने भागत नाही. मीटर हवं तर टेस्ट रिपोर्ट हवा, आणि रिपोर्टवर लायसनवाल्याची सही. ती सही वर्ध्याच्या भैय्याजी ठेकेदाराची असायची. भैय्याजीने जंगूचं एक काम कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. कोऱ्या फॉर्मांवर सह्या ठोकून गठ्ठाच पाठवून द्यायचा. जंगूला त्याचं वाईट वाटत नव्हतं, उलट तो मिरवायचा. "काम आपलं, नाव त्याचं. नाव काय चाटाचं हाये?"

मग त्याची पोरगी स्वीटी आयटीआयला गेली. तारतंत्रीच्या, म्हणजे वायरमनच्या, वर्गात एकटी मुलगी. दोन वर्षं तिथं, मग उमेदवारी, मग वायरमनचं परमिट. सुपरवायझरच्या परीक्षेत एकदा आपटली, दुसऱ्यांदा निघाली. शेवटी ठेकेदारीचं लायसन आलं. त्यासाठी अर्थिंग मोजायचं यंत्रसुद्धा घ्यावं लागलं, ते ती पोटच्या लेकरासारखं कापडात गुंडाळून ठेवायची. जंगूने लायसनला काच बसवून ते घरात देवाजवळ टांगलं आणि मनात म्हणाला, आता सही आपल्या घरातच आली. बापाने असं म्हणणं काही गुन्हा नाही. पण जे घडलं त्याची सुरुवात तिथूनच आहे.

मागच्या श्रावणात हिरालाल शेठच्या डाळमिलची नवी वायरिंग जंगूने केली. स्वीटी यंत्र घेऊन आली तेव्हा जंगूला हसू आलं. हिने काय तपासायचं? पण तिने सगळं अंगण पालथं घातलं आणि मागच्या नळाजवळ थांबली. तिथं अर्थिंगची सळई, गळका करंट जमिनीत नेणारी, नुसती काळ्या मातीत ठोकलेली होती. खड्डा नाही, ओल धरायला कोळसा-मीठ नाही, पाणी ओतायला पाइप नाही.

"बाबा, हे काय हो?"

"रीडिंग पाह्य ना."

तिने पाहिलं. रीडिंग फर्मास आलं. येणारच, पंधरा दिवसांपासून पाऊस लागून होता.

"हे पावसाचं रीडिंग हाये. चैत्रात ही माती फाटते, सळईले सोडून देते. मंग करंट जाईन कुठं?"

"काऊन सोडून देईन? नळ हाये ना बाजूले. भागाबाई रोज इथंच भांडे घासते. बारा महिने ओलंच राह्यते." मग शेठसमोर त्याचा आवाज चढला. "तू बापाचं काम तपासून राह्यली का? भैय्याजीनं कधी विचारलं नाई मले."

शेठ पान चघळत उभा होता. स्वीटीने बापाचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि तिथंच ती नरमली. "होळीच्या आधी गड्डा खोदून भरून द्या," एवढं बोलून तिने सही केली. जंगू म्हणाला, भरतो.

होळी आली आणि गेली. जंगू काही आळशी नव्हता. पण तो खड्डा खोदणं म्हणजे पोरीचं खरं होतं असं गावासमोर कबूल करणं, आणि नेमकं तेच त्याच्याच्याने होईना. फाल्गुनात शेठने मजुरांसाठी लोखंडी वॉटर कूलर आणला आणि नळ तोडून तिकडं नेला. भांडी तिकडं गेली, सांडपाणीही गेलं. जंगूने जाता-येता पाहिलं, सळईभोवती जमीन भेगाळली होती. एका भेगेत त्याची चार बोटं गेली असती. तो म्हणाला, पाहू उद्या.

आठवडी बाजारात भागाबाई भेटली. तीच मिलमध्ये झाडलोट करायची, जंगूच्याच वस्तीतली.

"जंगूभाऊ, त्या कूलरले हात लागला का मुंग्या येते हो."

मुंग्या म्हणजे पत्र्यात करंट उतरलाय, हे त्याच्याइतकं सिंदीत कोणाला माहीत होतं? पण तोंडातून भलतंच निघालं. "अनवाणी राह्यत असशीन. चप्पल घालून जात जाय, काही होत नाई."

"बरं," ती म्हणाली, आणि चपलांच्या दुकानाकडे वळली.

त्या संध्याकाळी भाकरी वाढता वाढता स्वीटीने विचारलं, "बाबा, शेठचा गड्डा भरला होता ना?"

"भरला ना," जंगू म्हणाला. रात्रभर तो कूस बदलत राहिला.

सकाळी उठल्या उठल्या त्याने सायकलला कोळशाचं पोतं बांधलं, वर मिठाची पिशवी, आणि निघाला. दोन तासांचं तर काम होतं. ती दोन तासांची गोष्ट त्याने आठ महिने लांबवली होती.

मिलच्या फाटकात गर्दी होती. चक्की बंद होती. भागाबाई कूलरजवळ मरून पडली होती. एक हात कूलरच्या तोटीवर आवळलेला, दुसरा भिंतीतल्या लोखंडी पाइपवर, करंट हातातून हातात गेला होता. पायात नव्या चपला होत्या, किमतीची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती.

दुपारी मिलच्या ऑफिसात वीज तपासणीचे साहेब बसले. समोर टेस्ट रिपोर्ट, बाजूला खुर्चीत स्वीटी, मांडीवर कापडात गुंडाळलेलं ते यंत्र. जंगू गर्दीतून पुढे आला.

"सायेब, तिचा काही दोष नाई. काम माह्यं हाये."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं लायसन?"

"नाई."

"परमिट?"

"नाई."

"या रिपोर्टवर तुमचं नाव कुठं आहे?"

जंगू कागदावर वाकला. त्याला वाचता येत होतं, तरी त्याने दोनदा पाहिलं. सगळीकडे पोरीचंच नाव होतं.

"मग काम तुम्ही केलं, हे कशावरून?"

जंगूने दोन्ही हात उलटे करून साहेबांपुढे धरले. बोटांवर तीस वर्षांचे काळे डाग होते. "हे पाहा ना सायेब. सिंदीत कोणालेही विचारा."

"लोकांना विचारून होत नाही, बाबा. सही आहे त्यालाच विचारतात. तुम्ही बाहेर बसा."

स्वीटीने तेवढ्यात मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. राग असता तर जंगूने ऐकून घेतला असता.

"बाबा, काल तुम्ही भरला म्हनलं होतं ना?"

जंगूचे हात तसेच पुढे राहिले. ती साहेबांकडे वळली. "सही माझीच आहे, साहेब. लिहा."