टपालाच्या नोंदीचा जळफळाट

मी एक जुनी नोंद आहे, मित्रांनो. मला तुम्ही ओळखत नाही आणि माझ्या थोरल्या बहिणीला रोज भेटता, हेच माझं दुखणं आहे.

एका घड्याळजींनी दुकानाचं नाव इंटरनेटवर नोंदवलं, त्या दिवशी आम्ही जन्मलो. त्या नावाची वेबसाइट कोणत्या यंत्रावर आहे, हे थोरली सांगते. त्या नावाने आलेला ईमेल कोणत्या यंत्राकडे द्यायचा, हे मी सांगते. अकरा वर्षं मी एकदाही चुकले नाही. पण "काय झकास वेबसाइट आहे हो!" हे कौतुक तिच्याच वाट्याला. ईमेल पोचला म्हणून कोणी पाठ थोपटल्याचं ऐकलंय का कधी?

मग वेबसाइट आणि ईमेल दोन्ही नव्या यंत्रावर न्यायचं ठरलं. तंत्रज्ञाने थोरलीला नवा पत्ता दिला, वेबसाइट उघडून पाहिली, "झालं काम!" म्हणाला आणि निघून गेला. मला विसरला! सोमवारी जुनं यंत्र बंद झालं, तरी मी सगळ्यांना तिकडेच धाडत राहिले. आम्हाला पढवलेलं तेवढंच सांगता येतं.

खरं सांगू? मला आसुरी आनंद झाला. आता कळेल माझी किंमत, म्हटलं.

घड्याळजींच्या मुलीला एका मोठ्या कारखान्यात घड्याळं बनवायला शिकायचं होतं. निवडीचं पत्र दुकानाच्या ईमेलवर आलं की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. "बाबा, अजून काहीच नाही." "येईल गं," ते भिंगातून नजर न काढताच म्हणत. गुरुवारी तिने अर्जाची प्रत फाडली. "नसेन मी तेवढी हुशार." तेव्हा मात्र मला लाज वाटली. जळत होते मी थोरलीवर, आणि चटका बसला त्या पोरीला.

त्याच दुपारी एक गिऱ्हाईक तावातावाने आलं. "तीन ईमेल केले, एकही पोचत नाही!" घड्याळजींनी लगेच तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने मला पाहिलं, जीभ चावली आणि नवा पत्ता दिला. पण माझं जुनं उत्तर इतर यंत्रं दिवसभर लक्षात ठेवतात, त्यामुळे वाट पाहणं आलंच. नशीब, पाठवणारी यंत्रं काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. शुक्रवारी चार वाजता पत्र आलं. मुलीने लगेच होकार पाठवला.

"नेमकं बिनसलं काय होतं?" घड्याळजींनी विचारलं.

"काही नाही हो, एक जुनी नोंद राहून गेली होती."

अकरा वर्षांत माझं नाव निघालं ते एवढंच.

मित्रांनो, बिऱ्हाड हलवताना गुपचूप राबणाऱ्यांना आधी आठवा. थोरलीचा हेवा अजूनही सुटलेला नाही. पण ती मुलगी आता कारखान्यातून रोज संध्याकाळी बाबांना पत्र लिहिते, आणि ते मला विचारूनच पोचतं. तिथे थोरलीचं काही चालत नाही.