पंख्याच्या मानेवरचा कॅमेरा

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि पंखेवाल्याची कामाची खोली गेली. वाइंडिंगचं टेबल न्हाणीच्या दारात, सासूबाईंची खाट खिडकीत. गिऱ्हाइकाचे पंखे तो आता मांडीवर घेऊन दुरुस्त करायचा, तान्ह्या बाळासारखे.

हाड केव्हाच जुळलं. सासूबाई काही हलेनात.

"चर्चमधल्या बाकावर बसवत नाही मला," त्या म्हणायच्या. "टीव्हीवर उपासना दिसली ना, की लगेच जाते माझ्या घरी."

"एवढंच ना, आई?" पंखेवाला म्हणाला. त्याला खोली दिसायला लागली होती.

चर्चची समिती म्हणजे अस्सल नग. पडदे घेताना यांना देवाचं वैभव आठवतं, उपयोगाची वस्तू म्हटली की देवाचा साधेपणा. चर्चमध्ये कॅमेरा लावायचं ऐकून खजिनदार म्हणाले, "छान कल्पना! पण बिनतारी करा, वायरीत मंडळी अडखळतात. आणि सेवा समजून करा हं." फुकट कर, असं सरळ म्हणायला यांची जीभ झडते.

पंखेवाल्याने बंद पडलेल्या दुकानातला जुना कॅमेरा आणला. चित्र हवेतून पाठवणारी स्वस्तातली डबी त्याला जोडली. स्टँडला त्याच्याकडे काय तोटा? उभ्या पंख्याची पाती काढली, मोटरीच्या डोक्यावर कॅमेरा बांधला. पंखा मान फिरवेल, सगळं चर्च दिसेल. दुसरी डबी घरच्या टीव्हीला लावली. चित्र लख्ख आलं.

रविवारी उपदेश सुरू झाला. "देव आपल्याला सांगतो की..." पाळक म्हणाले आणि टीव्हीतून निघून गेले. भिंत आली. मग बाक आले. पाळक परतले, तोवर देवाचं सांगून झालं होतं.

पंखेवाल्याने कपाळ बडवलं. "थांबा आई, मान बंद करून येतो."

"खबरदार!" सासूबाई ताडकन उठून बसल्या. "पाळकांचं काय बघायचंय? तो बघा खजिनदार, तोंड उघडं टाकून घोरतोय! आणि ती पुढची, मघाच्या गीतात गात होती कुठे? नुसते ओठ हलवत होती. मी म्हणतच होते!"

"आई, उपासना चाललीय," बायको म्हणाली.

"म्हणून तर जागी आहे!"

सोमवारीच पंखेवाल्याने टीव्ही, डबी आणि सासूबाई टेम्पोत घातल्या आणि त्यांच्या घरी पोचवल्या. परतताना शीळ घालत होता गाढव.

पुढच्या रविवारी सासूबाईंच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या. डबीची झेप चर्चच्या मागच्या भिंतीपर्यंत, आणि त्या भिंतीला टेकून घर कोणाचं? पंखेवाल्याचं. शहाण्याने चाचणी स्वतःच्याच घरात घेतली होती.

संध्याकाळी टेम्पो दारात. आधी टीव्ही उतरला, मग सासूबाई, मग गुडघे धरलेल्या दोन मैत्रिणी.

"यांनाही बाकावर बसवत नाही," सासूबाई म्हणाल्या. "दर रविवारी यायच्याच. त्यापेक्षा राहायलाच आलेल्या बऱ्या."

पंखेवाला धावत खजिनदारांकडे गेला. "साहेब, घरात आता तीन म्हाताऱ्या झाल्या! लांब पोचणारी डबी घेऊ. सेवा समजून तुम्ही घ्या!"

"लांब?" खजिनदारांचा चेहरा पडला. दूधवालासुद्धा त्यांना आता झोप झाली का विचारत होता. "अहो, एका म्हातारीनं बघितलं तर अख्ख्या गावाला कळलं. लांब म्हणे! तिघींना तुमच्याच खोलीत ठेवा. हवं तर आणखी दोन खाटा चर्चतर्फे देतो."